हँडब्रेकचा नट सगळ्यात शेवटी

मागचे ब्रेक शू (चाकाच्या ड्रमला आतून दाबणारे अर्धगोल तुकडे) बदलल्यावर हँडब्रेक ढिला लागतो, त्यावरचा एक मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपांवर फिरतोय. वर "मिस्त्री लुटतात, पाच मिनिटांत घरीच करा", आणि खाली पाच उपाय: दांडीखालचा नट आवळा, शूवर रॉकेल लावून बारीक रेती भुरभुरा, हँडब्रेक ओढून दोन किलोमीटर पळवा, नाहीच जमलं तर केबल ताणली आहे समजून बदला, आणि तोवर चाकाखाली गोटा लावून भागवा. काल आमच्या मामांनी तो वाचून पाना शोधायला घेतला, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

"दोन दातांत पकडेपर्यंत नट आवळा." दात म्हणजे दांडी ओढताना होणारा एकेक 'कट्ट'. हाच उपाय सगळ्यात जास्त लोक करतात आणि सगळ्यात जास्त नासाडी यानंच होते. नट आवळला की दांडी कडक लागते, माणूस खूश होतो. आत काय झालं ते दिसत नाही, कारण वर ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारा लोखंडी डबा, असतो.

ड्रमच्या आत एका शूला लोखंडी पट्टी अडकवलेली असते. हँडब्रेकची केबल ती पट्टी ओढते, पट्टी दोन शूंच्या मधल्या, लांबी कमी-जास्त होणाऱ्या अ‍ॅडजस्टरला रेटते, आणि दोन्ही शू ड्रमला भिडतात. दांडी खाली केली की ही पट्टी मागं जाऊन शूच्या कडेला पूर्ण टेकली पाहिजे. ती टेकलेली असेल तरच अ‍ॅडजस्टर नीट चालतो, म्हणजे शू झिजेल तसा एकेक दात सरकून फट भरून काढतो. केबल ताणून ठेवली तर पट्टी कायम अर्धी ओढलेली राहते, फट भरलेलीच आहे असा हिशेब होतो, आणि अ‍ॅडजस्टर जागेवर बसून राहतो. पुढच्या काही महिन्यांत शू झिजतात आणि पायाचा ब्रेक खोल जायला लागतो. हँडब्रेक कडक आणि पायाचा ब्रेक पोकळ, अशी गाडी तयार होते. वर शू घासत राहिले तर ड्रम तापतो, लायनर (शूवरचा घासणारा थर) काचेसारखे चकचकीत होतात, व्हील सिलिंडरचे रबर जातात, बेअरिंगचं ग्रीस पातळ होतं. अ‍ॅव्हरेज कमी झाल्याची तक्रार मग पेट्रोल पंपाच्या नावानं होते.

आणि दोन दात आले कुठून? स्विफ्टच्या मालक-पुस्तिकेत हिशेब छापलेला आहे: साधारण २० किलोच्या ओढीला ४ ते ९ दात. दुसऱ्या गाड्यांचा आकडा वेगळा असेल, तो आपापल्या पुस्तिकेत पाहावा. पण मेसेज लिहिणाऱ्यानं एकही पुस्तिका उघडलेली दिसत नाही. पहिले एक-दोन दात मोकळे जाणं हा दोष नाही, दांडी सोडल्यावर केबल खरंच सैल होते त्याची ती खूण आहे.

हँडब्रेक ढिला पडतो त्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. नवे जाड शू बसवताना अ‍ॅडजस्टर पूर्ण आत फिरवतात, कारण नाहीतर ड्रम चढत नाही. मग तो परत बाहेर काढायचा राहून जातो. त्यात जुना ड्रम आतून खाल्लेला असेल तर फट आणखी वाढते, आणि नवा शू फक्त मधोमध टेकतो. मारुतीच्या छोट्या गाड्यांतला १८० मिलिमीटरचा ड्रम १८२ च्या पुढं गेला की बदलायचा. मर्यादेचा आकडा बहुधा ड्रमवरच कोरलेला असतो.

म्हणून काम चाकापासून सुरू करायचं. सपाट जागा घ्या, काळ्या मातीत जॅक लावू नका, खाली फळी ठेवली तरी तो कलतो. पुढच्या चाकांना दोन्हीकडून गोटे, गाडी गिअरमध्ये, मागं जॅकच्या जोडीला घोडी, म्हणजे गाडी तोलून धरणारा लोखंडी स्टँड. आता दांडी पूर्ण खाली करा आणि तोच नट आधी सोडा, केबल लोंबेपर्यंत. ड्रम काढून दोन्हीकडची पट्टी शूला टेकते का ते डोळ्यांनी बघा. टेकत नसेल तर जुन्या शूवरून नव्यावर घेताना ती उलटी बसली आहे, क्लिप दाबली गेली आहे, किंवा केबल आत अडकली आहे. अ‍ॅडजस्टर डाव्याचा उजवीकडे गेलाय का तेही पाहा. बऱ्याच गाड्यांत दोन्हीकडचे आटे उलटे असतात, आणि अदलाबदल झाली तर ब्रेक मारताना फट कमी होण्याऐवजी वाढते.

मग अ‍ॅडजस्टरची चक्री इतकी बाहेर काढा की ड्रम हलकासा घासत चढेल. दोन्ही बाजू सारख्या. ड्रम बसवून पायाचा ब्रेक दहा-पंधरा वेळा पूर्ण दाबा, म्हणजे शू मधोमध बसतात. बॅकप्लेटला, म्हणजे ड्रममागच्या पत्र्याला, भोक असेल तर तिथून पेचकसानं चक्री चाक जाम होईपर्यंत फिरवा आणि मग चाक हलक्या घासणीनं मोकळं फिरेल इतकी मागं घ्या. एवढं झाल्यावर नट आवळायचा, पुस्तिकेतल्या दातांवर चाक जाम होईल इतका. दांडी सोडून दोन्ही चाकं हातानं फिरवा. एक जरी अडखळलं तरी नट थोडा मागं. पाच किलोमीटर फिरून आल्यावर दोन्ही ड्रमवर पाण्याचे थेंब टाका. एकावर चर्र झालं आणि दुसऱ्यावर नाही, तर पहिली बाजू घासतेय.

आता रेती. रॉकेलचा तेलकटपणा लायनरमध्ये मुरतो आणि तो शू पुसून परत कामाचा होत नाही. रेती लायनरमध्ये रुतते आणि ड्रमला आतून चरे पाडते. पकड वाढवायला तेल लावा, हे सुचलं तरी कसं बापा! यातलं खरं एवढंच, की जुन्या ड्रमची चमक काच पेपरनं हलकी मारून कोरड्या फडक्यानं पुसणं बरोबर आहे. ती धूळ मात्र तोंडानं फुंकू नका आणि कॉम्प्रेसरनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

"हँडब्रेक ओढून पळवा" यात अर्धं सत्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. मागच्या डिस्कच्या पोटात हँडब्रेकचा वेगळा छोटा ड्रम असतो, तशा गाड्यांना टोयोटा साधारण ५० च्या वेगानं, दांडी हलकी ओढून, दांडीवरचं बटण दाबलेलं ठेवून, सुमारे ४०० मीटर चालवायला सांगते. चारशे मीटर, दोन किलोमीटर नव्हे. साध्या ड्रमच्या गाडीत हा प्रकार करायचा नाही. तिथं नवे शू शंभर-दोनशे किलोमीटरच्या साध्या चालवण्यात बसतात, आणि तोवर हँडब्रेक किंचित कमी धरणं चालतं. मागं डिस्क असून कॅलिपरच (डिस्कला पकडणारा चिमटा) हँडब्रेकचं काम करत असेल, तर बऱ्याच गाड्यांत पिस्टन फिरवून आत न्यावा लागतो, क्लॅम्पनं दाबला तर आतला अ‍ॅडजस्टर मोडतो. हँडब्रेकला दांडीऐवजी बटण असलेली गाडी सर्व्हिस मोडमध्ये (ब्रेकच्या कामासाठी हँडब्रेकची मोटर मागं घेणारी सोय) टाकल्याशिवाय उघडूच नका.

गोटा जोडीला असावा, हँडब्रेकच्या ऐवजी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९६ पार्किंग ब्रेक स्वतंत्र आणि चालू मागतो. जिनिंगच्या रांगेत कापसानं भरलेली गाडी असो की चिखलदऱ्याच्या घाटात उभी केलेली, ओला गोटा घसरतो.

राहिली केबल. ती ताणली जाते कमी, आतून गंजते जास्त. पावसाळ्यात वावरातून निघालेला चिखल आवरणाच्या फाटक्या तोंडातून आत जातो आणि वाळून घट्ट बसतो. खात्री करायला केबल पट्टीपासून सोडवून हातानं ओढा. ओढली जाते पण आपोआप परत जात नाही, तर ती गेली. तिथं तेल सोडून दोन दिवस निघतात, जास्त नाही. नवी टाकली तर नट सैल ठेवून दांडी आधी आठ-दहा वेळा जोरात ओढून सोडा, आवरण आपल्या जागी बसू द्या, आणि मगच दात मोजायला घ्या.