परदेशातून: अकाउंटंटचा फोटो

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तोच वाद पेटला. मराठवाड्यातल्या सामाजिक संस्था. एकानं लिहिलं की जिल्ह्यात संस्थांच्या पाट्या ढीगभर आणि काम करणाऱ्या हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या, तेव्हा सगळ्यांचं एकदाचं ग्रेडिंग करून टाका, ए बी सी, आणि सी वाल्यांना कुलूप लावा. दुसरा लगेच, 'सगळा पैसा पगारातच जातो यांचा'. तिसरा स्वतः संस्थेत काम करतो, तो म्हणाला पगार नाही रे बाबा, मानधन म्हण, आणि ते पण चार महिन्यांनी हातात पडतं. मग दोन तास नुसता धुरळा. इथं इंग्लंडात संध्याकाळचे सहा आणि तिकडं साडेदहा वाजले होते, मी भाजी परतत परतत वाचत होते आणि लिहू का नको करत शेवटी काहीच लिहिलं नाही, कारण मला जे म्हणायचंय ते ग्रुपवर मावणारं नव्हतं. म्हणून इथं.

माझा धंदा हिशेबाचा. इथल्या एका छोट्या चॅरिटीची मी पाच वर्षं खजिनदार आहे, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आठवड्यातून दोनदा एकत्र जेवायला आणायचं एवढंच काम. आणि दोन वर्षांपूर्वी गावाकडच्या, शेतमजूर बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं 'क्षमता मूल्यमापन', म्हणजे संस्था आपला कारभार किती नीट चालवू शकते याची तपासणी, मी झूमवर करून दिलं होतं, फुकट. त्या एका अनुभवानं माझं ग्रेडिंगबद्दलचं मत पार फिरलं.

झालं असं की एका देणगीदारानं फॉर्म पाठवला होता, चाळीसेक प्रश्न आणि प्रत्येकाला एक ते चार मार्क. हे असले तक्ते मूळचे अमेरिकेतले, मॅकिन्झी या सल्लागार कंपनीनं २००१ मध्ये तिथल्या एका फंडासाठी असा एक बनवला होता, त्याची नातवंडं-पतवंडं आता जगभर फिरतायत. नेतृत्व, आर्थिक व्यवस्था, मनुष्यबळ, नियोजन, सगळं त्यात. संस्था चालवणाऱ्या ताई पटापट सांगत गेल्या, चार, चार, तीन लिही म्हणजे खरं वाटंल, चार. लेखी एचआर पॉलिसी आहे का? 'हाय की, मागच्या डोनरनी पाठवलेली, फायलीला लावलीय.' मी म्हटलं स्कॅन करून पाठवा. आली. तिसऱ्या पानावर दुसऱ्याच कुठल्यातरी संस्थेचं नाव.

मी म्हटलं ताई, हे काय हो? त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'अगं, खरं लिहिलं तर पुढचा हप्ता थांबंल. परीक्षा घेणारा पण तोच आन पैसे देणारा पण तोच, मग पोरगं कॉपी करणारच की.'

यापुढं मी जे काही लिहिणार आहे ते या एका वाक्यावरचं भाष्य समजा.

मग फॉर्म बाजूला ठेवला आणि नुसत्या गप्पा मारल्या. ताई, उद्या तुम्ही महिनाभर आजारी पडलात तर चेकवर सही कोण करणार? गप्प. अध्यक्ष पुण्याला असतात, सेक्रेटरी वारले. वारून तीन वर्षं झाली पण कागदावर अजून तेच, कारण विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडं त्या बदलाचा अर्ज, चेंज रिपोर्ट, टाकायचा असतो हे जो माणूस बघायचा तोच सोडून गेला होता, मग उशिरा अर्ज, मग उशिराच्या माफीचा अर्ज, मग तारखा. तोवर बँक सही बदलून देईना. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) येणारा मुलगा साखर कारखान्यात लागला, आता कॅशबुक ताईच रात्री लिहितात आणि व्हाउचरं एका बुटाच्या खोक्यात, महिन्याप्रमाणे रबर लावून (खोकं मला कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं, अगदी व्यवस्थित होतं, मी इथं याहून वाईट फाइली बघितल्यात). तीन प्रकल्प, तिन्हींचे रिपोर्टचे नमुने वेगळे, युटिलायझेशन सर्टिफिकेटचे, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले त्या दाखल्याचे, तक्ते वेगळे, आणि ते भरायला बसते ती समन्वयक, जिनं त्या वेळात गावात असायला पाहिजे. आणि बँकेत शिल्लक किती? सगळ्यांचे सहा आठवड्यांचे मानधन निघेल एवढी.

आता याला ग्रेड कुठली द्यायची सांगा. काम बघितलं तर ए. बायकांची रेशनकार्डं, मजुरीचे वाद, ऊसतोडीला जाताना मागं राहणाऱ्या पोरांची सोय, सगळं चोख. कागद बघितला तर सी. आणि ग्रुपवरच्या आमच्या मित्राच्या हिशेबानं कुलूप.

इथली गोष्ट सांगते, पण 'तिकडं बघा कसं छान' या सुरात नाही, तो सूर मला स्वतःलाच सहन होत नाही. आमच्या चॅरिटीची पण अशीच तपासणी झाली होती. इथं बऱ्याच गावाशहरांत छोट्या संस्थांना मदत करणारी एक स्थानिक संस्था असते, सीव्हीएस म्हणतात, तिथली एक बाई दोन दिवस येऊन बसली. चॅरिट्यांवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशनची एक चेकलिस्ट मिळते, आर्थिक नियंत्रणांची, ती समोर ठेवून तिनं सगळं विचारलं. पैसे मोजताना दोन माणसं असतात का, बँकेचा पासवर्ड किती जणांकडं आहे, राखीव रक्कम किती ठेवायची हे कधी ठरवलंय का. आमची तीनतेरा अवस्था बाहेर आली. मी खजिनदार, धंद्यानं अकाउंटंट, आणि आमच्याकडं राखीव निधीचं धोरणच नव्हतं, लाज वाटली. पण तो रिपोर्ट आमच्याकडंच राहिला. कुठल्या देणगीदाराकडं गेला नाही. म्हणून आम्ही खरं बोललो. आणि मग त्याच्याच जोरावर आठवड्याला सहा तासांच्या बुककीपरसाठी एक छोटी ग्रँट मिळाली, म्हणजे रोगाचं निदान झालं आणि औषधाला पैसे पण मिळाले. आपल्याकडं निदान करणारे भरपूर झालेत. औषधाचं नाव काढलं की 'ते ॲडमिनमध्ये येतं ना'.

पण इथं पण सगळं आलबेल नाही. कौन्सिलांचे, म्हणजे इथल्या नगरपालिकांचे, पैसे आटले तसे हे सीव्हीएसवाले पण आटत चाललेत. आमचं अध्यक्षपद अकरा महिने रिकामं होतं, कारण फुकट जबाबदारी कुणाला हवीय. आणि नुसते कागद चोख असून भागतं असं पण नाही, २०१५ मध्ये किड्स कंपनी नावाची लंडनची नावाजलेली चॅरिटी बंद पडली, सरकारकडून तीस लाख पौंड मिळाल्यावर अवघ्या काही दिवसांत. नामवंत विश्वस्त, पंतप्रधानांपर्यंत ओळख, ऑडिट होत होतं, आणि गल्ल्यात राखीव पैसा जवळपास नाही. संसदेच्या समितीनं विश्वस्तांना झोडपलं, पुढं २०२१ मध्ये हायकोर्टानं त्यांच्यावर कंपनीचं संचालक व्हायला बंदी घालायला नकार दिला. म्हणजे एवढं सगळं होऊन 'क्षमता नव्हती म्हणजे नक्की काय नव्हतं' यावर इथं पण एकमत नाही.

आता घरच्या कायद्यांकडं या, कारण खरी मेख तिथं आहे. २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला, परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून थेट वीसवर आली, आणि हिशेब ठेवण्याचा खर्च त्या वीसातच मोजला जातो. म्हणजे हिशेब चोख ठेवा म्हणायचं आणि ठेवणाऱ्याला पैसे देऊ नका म्हणायचं. त्याच बदलात एका संस्थेनं दुसरीला परदेशी पैसा पुढं द्यायला पण बंदी आली. दिल्लीत बसलेल्यांना यात गैरव्यवहार रोखणं दिसत असेल, आणि तसे प्रकार होते, नव्हते असं मी म्हणत नाही. पण तालुक्याच्या संस्थेला हे शिकवायचं कोण? एखादी मोठी संस्था. ती पाच छोट्या संस्थांना थोडा पैसा द्यायची, त्याबरोबर हिशेबाची पद्धत शिकवायची, वर्षातून दोनदा येऊन बसायची. क्षमता वाढवणं म्हणतात ते याच वाटेनं व्हायचं आणि ती वाट, निदान परदेशी पैशापुरती, बंद झाली.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाचं, वेगळंच. २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावे लागतात आणि प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या खर्चावरची. खाली येता येता ती संस्थेच्या गळ्यात कशी पडते हे गूढ आहे, ताईंना दोन कंपन्यांनी तोंडावर सांगितलं की पाच टक्क्यांच्या वर ॲडमिन चालणार नाही. दुसरीकडं २०२१ पासून मोठ्या सीएसआर कंपन्यांना एक कोटीच्या वरच्या प्रकल्पांचं बाहेरच्या एजन्सीकडून प्रभाव मूल्यमापन करून घेणं सक्तीचं आहे, त्यावर लाखांत खर्च करायची नियमातच मुभा आहे. मोजायला लाख आहेत, मोजलं जाणारं काम ज्याच्या जिवावर चालतं त्या पोराला बारा हजार नाहीत.

कुणी म्हणेल संस्थांना मोजमापच नको असतं. साफ खोटं. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं नव्वदच्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांची घरी काळजी घ्यायचं काम केलं, शेजारची ४७ गावं तुलनेला धरली, प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला, आणि नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून जास्त खाली आला हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. गावातल्या बायका नोंदी ठेवत होत्या. तिथं मोजमाप हा कामाचाच भाग होता, कुणाला दाखवायला केलेला नव्हता. शेतमजूर बायकांच्या ताईंकडं पण एक वही आहे, किती बायकांची किती मजुरी बुडाली आणि किती वसूल झाली, २०११ पासूनची. फॉर्ममध्ये त्या वहीसाठी रकानाच नव्हता.

आणि ही 'सेकंड लाइन लीडरशिप', म्हणजे संस्थापकामागची दुसरी फळी, जी सगळे फॉर्म विचारतात, ती काय आपल्याला साहेबांनी शिकवायची गोष्ट आहे? डेक्कन एज्युकेशन सोसायटीत १८८४ पासून आजीव सदस्यांची पद्धत होती, तुटपुंज्या पगारावर वीस वर्षं द्यायची, कारभार त्यांनीच बघायचा. रयत शिक्षण संस्थेत पण आजीव सेवक होतेच. म्हणजे संस्थापकानंतर कोण, याचं उत्तर घटनेतच लिहून ठेवायची रीत आपल्याकडं एवढी जुनी. आणि पगारावरून भांडणं पण तिथूनच चालू, १८९० मध्ये टिळक बाहेर पडले त्या वादात पगार आणि बाहेरची कमाई हा मुद्दा होताच. म्हणजे ग्रुपवर 'सगळा पैसा पगारात' म्हणणाऱ्याला फार मोठी परंपरा आहे हो.

आता आमच्या परदेशातल्या मंडळींवर येते, कारण दुसऱ्यांना नावं ठेवून झाली. आमच्या इथल्या मंडळात दर गणपतीत गावाकडच्या कामासाठी पैसे जमतात. मी ताईंच्या संस्थेसाठी एका अकाउंटंटचा दोन वर्षांचा पगार मागितला. दहा मिनिटं सांगितलं, बुटाच्या खोक्याची गोष्ट पण सांगितली. पहिला प्रश्न आला, 'पण यातून मुलांना काय मिळणार?' दुसरा, 'त्यापेक्षा सायकली देऊ, चाळीस येतील.' सायकलींना नाव कोरता येतं ना. मी जरा चिडूनच म्हटलं, मागं ज्या शाळेला आपण कॉम्प्युटर दिले त्यांचं पुढं काय झालं हे कुणाला माहितीय का? नव्हतं. पेट्यांमध्ये आहेत म्हणे.

मग कायद्याचा घोळ. ताईंच्या संस्थेची एफसीआरएखाली नोंदणी नाही, म्हणजे परदेशी देणगी घेता येत नाही. मंडळ इथलं, म्हणून मंडळाचा पैसा परदेशी. ज्यांनी ब्रिटिश पासपोर्ट घेतला त्यांचा पण परदेशी, मग भले ते जन्मले परभणीत असोत. पण ज्यांच्याकडं अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी आपल्या खात्यातून बँकेनं पाठवले तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. त्यामुळं एकाच टेबलावर बसलेल्या नवरा-बायकोत बायकोचे शंभर पौंड देशी आणि नवऱ्याचे परदेशी, असा प्रकार झाला आणि बराच वेळ हशा पिकला. शेवटी आम्ही भारतीय पासपोर्टवाले नऊ जण निघालो, ज्यानं त्यानं वेगवेगळे पाठवायचं ठरलं, दोनाऐवजी एकच वर्ष, आणि अट एकच, मला न सांगता ताईंना रिपोर्टचा फॉर्म पाठवायचा नाही.

पंधरा दिवसांत मुलगी मिळाली, तालुक्याचीच, बी.कॉम., टॅली येतं. बुटाचं खोकं तिच्या टेबलावर गेलं, आणि ताई त्या आठवड्यात तीन दिवस गावात मुक्कामी राहिल्या, कितीतरी महिन्यांनी म्हणाल्या.

परवा आमच्या नऊ जणांपैकी एकाचा मेसेज आला, सगळं छान चाललंय ना, एखादा फोटो मागव ना त्या मुलीचा, मंडळाच्या अंकात टाकू. मी ताईंना तसं सांगितलं. त्यांचा आवाज रेंजमुळं तुटत होता.

'पाठवते की. पर काय करताना काढू? नुसती बसलेलीच असती गं ती.'