ताण वेगळा, दुष्काळ वेगळा

नमस्कार दादा,

‘पाण्याशिवाय झाड फुलत नाही. ताणानं फुलं येतात असं लिहून तुम्ही शेतकऱ्यांची दिशाभूल करताय. २०१२-१३ ला आमची मोसंबी ताणानंच जळाली,’ असं तुम्ही लिहिलंत. राग रास्त आहे. जालन्याकडच्या किती बागा त्या साली सरपणाला गेल्या! पण तो ताण, म्हणजे फुलं यावीत म्हणून मुद्दाम काही दिवस तोडलेलं पाणी, नव्हता; दुष्काळ होता. हा फरक मी लेखात सांगायलाच हवा होता. चूक माझी, दुरुस्ती करतो.

आंबिया बहारासाठी, म्हणजे थंडी सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, आपण पाणी तोडतो ते दिवस मोजून. वाढ थांबते, पालवीवर जाणारं अन्न काडीत साठतं, आणि पुन्हा पाणी सोडलं की कळी निघते. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, काळ्या भारी जमिनीत जास्त दिवस लागतात. पुढे सोडायला विहिरीत पाणीच नसेल, तर ताण देऊच नये.

रानातल्या झाडांचं गणित निराळं. जैसलमेरकडे वर्षाला २०० मिमीसुद्धा पाऊस होत नाही, तरी तिथली खेजडी, म्हणजे आपली शमी, भर उन्हाळ्यात फुलते. मुळं खोलवरच्या ओलीपर्यंत गेलेली असतात. शेंगा पिकतात त्या पावसाच्या तोंडावर. बोरीचं उलट. उन्हाळ्यात ती पानं गाळून गप्प बसते, पावसावर फुटते, भाद्रपदाच्या आसपास फुलते आणि बोरं थंडीत खायला मिळतात.

तुमचं म्हणणं खरं ठरतं ते फळ धरताना. धारूरच्या डोंगरातली सीताफळं बघा. उन्हाळ्यात फुलं भरपूर, फळ मात्र क्वचित. फूल खाली मान घालून लोंबतं, तीन जाड हिरवट पाकळ्यांचं. पाकळ्या जेमतेम विलगतात तेव्हा मधला स्त्रीभाग ओलसर, चिकट असतो. पराग सुटतात ते नंतर, पाकळ्या पुरत्या उघडल्यावर. म्हणून एका फुलातले पराग दुसऱ्यात नेणारे तिळाएवढे भुंगेरे लागतात. पारा चाळिशीपार गेला की तो ओलावा बघता बघता वाळतो आणि फूल गळतं. मृगाचा पाऊस होऊन हवा दमट झाली की तीच झाडं फळं धरू लागतात. नुसतं आळ्यात पाणी ओतून हे साधत नाही, हवेतही ओल लागते.

तुमच्या बांधावर सीताफळं आहेत म्हणालात. येत्या मे महिन्यात सकाळी लवकर एखादं अर्धवट उघडलेलं फूल वर करून बघा, आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा एकदा. मधली ओल किती वेळ टिकते ते मला नक्की कळवा.