स्टील, काच आणि कुकरची रिंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ज्यूंच्या भांड्यांवरच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं : स्टील काही शोषत नाही, मग ज्यूंनी दुधाची आणि मटणाची भांडी वेगळी ठेवणं हा निव्वळ भाबडेपणा, आणि मी त्याला विज्ञानाचा मुलामा दिला.

आधी चूक कबूल करतो. ‘स्टीलला बारीक छिद्रं असतात’ हे माझं वाक्य चुकलंच. काढून टाकलंय.

भाबडेपणा मात्र मान्य नाही. तोरातली (ज्यूंच्या धर्मग्रंथातली) मूळ आज्ञा एवढीच, की करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस; त्यावरूनच मांस आणि दूध एकत्र न करण्याचा नियम आला. (अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, म्हणूनच मटणात नारळाचं दूध घालतात.) भांड्यांचे नियम रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, पुढे बसवले, ते चवीवर : भांडं पदार्थाची चव शोषतं आणि पुढच्या पदार्थात उतरवतं, या समजावर. त्याचं मूळ तोराच्याच लेवीय नावाच्या पुस्तकात सापडतं : अर्पणाचं मांस मातीच्या भांड्यात शिजवलं तर ते फोडायचं, धातूचं असेल तर घासून धुवायचं. ज्या मडक्यात बांगड्याचं कालवण होतं त्यात खीर करून बघा, यामागचं कारण लगेच कळेल.

काचेवरून तर हे भांडण सोळाव्या शतकातलं आहे. सफेद गावचे (आजच्या इस्रायलमधलं) रब्बी योसेफ कारो म्हणाले, काच शोषत नाही, धुतली की झालं. पोलंडमधल्या क्राकोचे रब्बी मोशे इसरलिस म्हणाले, आमच्याकडे पेसाखला (खमीर वर्ज्य असलेल्या सणाला) उकळत्या पाण्यातून काढलेली काचसुद्धा चालत नाही. काच वाळूची, म्हणून तिची गणना मातीच्या भांड्यांत! मला कारोंचं पटतं.

तुमचा प्रयोगाचा आग्रहही नवा नाही. पदार्थात चव उतरली का, हे बिगरज्यू आचाऱ्याला चाखायला देऊन ठरवावं, असं तल्मूदमध्येच, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथातच, आहे. अश्केनाझींनी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंनी) पुढे त्यावर विसंबणं सोडलं आणि साठपटीचा हिशेब धरला : चुकून पडलेल्या वर्ज्य जिन्नसाच्या साठपट बाकीचं असेल तर चालवून घ्यायचं. आज स्टील शोषत नाही असं प्रयोगांवरून मांडणारे रब्बीही आहेत, पण बहुतेकांनी रिवाज सोडलेला नाही.

नुसत्या स्टीलपुरती तुमची बाजू बळकट आहे. पण भांडं नुसतं स्टीलचं कुठे असतं? आमचा कुकर घासला की लख्ख होतो, रबरी रिंग मात्र रविवारच्या मटणाचा वास बुधवारच्या भाताला लावते. लिंबू झालं, सोडा झाला, उन्हात ठेवून झालं. तुमच्या घरची रिंग एकदा हुंगून बघा आणि कळवा.