ब्रेक बदलण्याआधी पल्ला मोजा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: १९७०च्या दशकातल्या प्यूजो यूओ-८ या सायकलीवरचे माफाक रेसर ब्रेक ठेवा असं लेखात सांगून मी देखणेपणापायी सुरक्षितता बाजूला सारली. हे सेंटरपुल (मधोमध वर ओढणाऱ्या केबलने दोन्ही भुजा आवळणारे ब्रेक) लवतात, पावसात थांबत नाहीत, शर्यतवाल्यांनी ते केव्हाच टाकले. आजचा कुठलाही ड्युअल-पिव्हट कॅलिपर (दोन पिव्हटवर, म्हणजे खिळींवर, फिरणारा चिमटीसारखा ब्रेक) लावला की प्रश्न मिटला.

पावसाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण त्याला जबाबदार रिम आहे. या सायकलीवर २७ इंची, क्रोम केलेल्या स्टीलच्या रिम असत. ओल्या क्रोमवर रबर घसरतं. चाकाचे काही फेरे होऊन पाणी पुसलं जाईपर्यंत पकड जवळजवळ नसतेच. त्याच रिमवर नवा कोरा ड्युअल-पिव्हट लावलात तरी पावसाळ्यात घाट उतरताना तोच अनुभव येईल. म्हणून खर्च करायचाच तर पहिला अॅल्युमिनियमच्या रिमवर करा. जुना हब (चाकाचा मधला तुंबा) ठेवता येतो, मात्र रिमच्या भोकांची संख्या हबशी जुळली पाहिजे आणि स्पोकची लांबी नव्याने काढावी लागते. रिम बदलणं शक्य नसेल तर क्रोमसाठी चामड्याच्या पट्टीची ब्रेक रबरं निघत, ती शोधा. अॅल्युमिनियमवर ती लावू नयेत.

आता तुमच्या ‘कुठलाही’ या शब्दाकडे येतो, कारण खरा धोका तिथे आहे. आजच्या नेहमीच्या रोड कॅलिपरचा पल्ला (बोल्टपासून रबरापर्यंतचं अंतर) ३९ ते ४९ मिमी असतो. जुन्या टूरिंग सायकलींच्या चिमट्यांमध्ये (चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये) मडगार्ड आणि जाड टायरसाठी जागा सोडलेली असते, तिथे तो रिमपर्यंत पोचतच नाही. मग रबर भुजेच्या खाचेत अगदी खाली ओढूनही त्याची वरची कड टायरला घासते आणि टायरची भिंत कापली जाते. वेगात टायर फुटणं हे मऊ ब्रेकपेक्षा कितीतरी वाईट.

पल्ला मोजायची रीत मूळ लेखात द्यायला हवी होती. ती राहिली, हे मान्य. चाक नीट बसवा. चिमट्याच्या क्राउनमधल्या (वरच्या जोडातल्या) ब्रेकच्या भोकाच्या मध्यापासून रिमच्या घासणाऱ्या पट्टीच्या मध्यापर्यंत सरळ खाली अंतर घ्या. मागे ब्रिजच्या (चाकावरच्या आडव्या नळीच्या) भोकापासून वेगळं मोजा, दोन्ही आकडे क्वचितच सारखे येतात. २७ इंची रिमचा व्यास ६३० मिमी आणि ७००सी या आजच्या मापाचा ६२२, म्हणजे ७००सी चाक घातल्यावर पल्ला ४ मिमीने वाढतो. समजा आज ५८ भरला तर उद्या ६२ होईल. टेक्ट्रो कंपनीचा आर५३९ कॅलिपर हा ४७ ते ५७ मिमीचा, तो इथे कमी पडेल. आर५५९ हा ५५ ते ७३चा, तो पुरेल. नेमका टोकाचा आकडा आला तर तो कॅलिपर घेऊ नका, रबर वरखाली करायला दोन-तीन मिमी हाताशी असू द्यावेत.

शर्यतवाल्यांचा मुद्दाही याच अंतराशी जोडलेला आहे. कॅम्पान्योलो कंपनीचे रेकॉर्ड साइडपुल (केबल एका बाजूला जोडलेले ब्रेक) १९६८ मध्ये आले आणि महागड्या सायकलींवरून सेंटरपुल हळूहळू गेले हे बरोबर. पण त्या फ्रेम मडगार्डविना, टायरला चिकटून बांधलेल्या. कॅलिपरच्या भुजा आखूड. एका पिव्हटच्या साइडपुलमध्ये केबलकडची भुजा तेवढीच ठेवून रबराकडची ५० मिमीवरून ७० केली, तर रबरावरचा दाब सुमारे २९ टक्क्यांनी घटतो, आणि लांब भुजा लवते ती वेगळी. सेंटरपुलमध्ये प्रत्येक भुजेचा पिव्हट बाजूला आणि रिमच्या जवळ असतो, त्यामुळे पल्ला मोठा असूनही खालची भुजा आखूड राहते. मडगार्डवाल्या सायकलींवर तो टिकला तो यामुळेच.

माफाक मऊ लागतो तेव्हा बहुधा दोष असतो तो अस्तर नसलेल्या जुन्या आउटरचा (केबलच्या बाहेरच्या नळीचा). अस्तराचं ५ मिमी आउटर आणि १.५ किंवा १.६ मिमीची स्टेनलेस इनर (आतली तार) घाला. आउटरचं टोक कापल्यावर कानशीने सपाट घासा. तिरकं टोक लिव्हर दाबताना दबतं आणि हाताला स्पंजासारखं जाणवतं. लिव्हरना आडव्या जोडलिव्हर (हँडलच्या वरच्या भागावरून दाबायच्या जादा लिव्हर) असतील तर काढून टाका, त्या बरीचशी चाल खाऊन टाकतात. पण त्यांची पिव्हट पिन लांब असते, उघडं टोक हाताला लागणार नाही हे बघा.

रबर नखाने दाबून पाहा. नख रुतत नसेल तर ते पॉलिश पेपरने घासत बसू नका, बदला. कूल-स्टॉपची तांबूस रबरं ओल्यात चांगली चालतात आणि माफाकच्या बिनआट्याच्या दांडीचीही मिळतात. माफाकमध्ये रबर सगळ्या दिशांना वळवता येतं, त्याचा फायदा घ्या: मागच्या टोकाखाली व्हिजिटिंग कार्डाची घडी ठेवून पुढचं टोक रिमला साधारण १ मिमी आधी टेकेल असं कसा. ब्रेकचं किंचाळणं बहुतेकदा एवढ्यानेच थांबतं. नाही थांबलं तर भुजा पुढेमागे हलवून पिव्हटमधला खेळ तपासा. वाइनमान कंपनीच्या ६१० आणि ७५० या सेंटरपुलमध्ये मात्र रबर नुसतं आट्याच्या दांडीवर बसतं. तिथे भुजा पान्याने पिळण्याची जुनी पद्धत आहे, ती मला पसंत नाही; अॅल्युमिनियम वारंवार वाकवलं की तडकतं. गोलसर वॉशरवाली रबरं लावा.

एक धोका तुम्ही मांडला नाहीत, मी मांडतो. सेंटरपुलची मुख्य केबल तुटली तर दोन भुजांमधली आडवी तार टायरवर पडू शकते, आणि खडबडीत टायर असेल तर पुढचं चाक जाम होऊ शकतं. मडगार्ड ही तार अडवतो. केबलचा एक धागा जरी तुटलेला दिसला तरी ती त्याच दिवशी बदला.

तुमचं म्हणणं पूर्ण लागू पडतं ते दाबलेल्या स्टीलच्या पत्र्याच्या कॅलिपरना आणि लांब भुजांच्या स्वस्त साइडपुलना. ते काढाच. ड्युअल-पिव्हट बसवताना तीन गोष्टी सांभाळा. नव्या कॅलिपरचा नट आत बसणारा असेल तर क्राउनचं फक्त मागचं भोक ८ मिमी करायचं, पुढचं तसंच ठेवायचं. क्राउनची जाडी पुरेशी आहे याची खात्री नसेल तर ड्रिल न लावता बाहेरच्या नटाचा प्रकार घ्या. हेडसेटमधला (चिमटा ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या जोडातला) केबल हँगर काढलात तर तेवढ्याच जाडीचा वॉशर घाला, नाहीतर वरचा नट चिमट्याच्या नळीच्या टोकाला टेकतो आणि हेडसेट ढिला राहतो. आणि शिमानोच्या २०१०नंतरच्या, जास्त केबल ओढणाऱ्या लिव्हरसाठी बनलेल्या कॅलिपरना जुनी लिव्हर जोडू नका. ती हँडलला टेकेपर्यंत दाबली जाते. ड्युअल-पिव्हटची रबरं रिमच्या फार जवळ बसतात, तेव्हा चाकाचा आउट (डगमग) आधी काढून घ्या.

तुमच्या सायकलीचा पुढचा-मागचा पल्ला, रिमचा धातू आणि भोकाचा व्यास इथे लिहा, त्यावरून कोणता कॅलिपर बसेल ते नक्की सांगता येईल.