नऊवारीची चेन आणि टुटूचे हूक

गेल्या गणेशोत्सवात लंडनमधल्या आमच्या मंडळाच्या मुलींनी लावणी सादर केली. तिची चित्रफीत मी पुण्याला घरच्या व्हॉट्सअॅप गटावर पाठवली, तेव्हा आलेला पहिला अभिप्राय नाचाबद्दल नव्हता. ‘नऊवारी शिवलेली आहे ना? मागे चेन दिसते आहे,’ असे आत्याने लिहिले, आणि त्यापाठोपाठ काकांनी ब्लाउजच्या गळ्याविषयी नापसंती नोंदवली. एक आक्षेप शुद्धतेचा होता आणि दुसरा शालीनतेचा. लावणीचे कार्यक्रम असोत, लग्नातली तयार नऊवारी असो किंवा सिद्धिविनायक मंदिराने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलेले पेहरावाचे नियम असोत, आपल्याकडचे कपड्यांवरचे बहुतेक वाद अखेर या दोन आक्षेपांवरच येऊन थांबतात.

माझी मुलगी इथे नऊ वर्षे बॅले शिकते आहे. पालक म्हणून तिच्या वर्गाच्या पोशाखांची टाके-टिपांची कामे माझ्याकडे येत गेली आणि त्या निमित्ताने बॅलेच्या वेशभूषेचा इतिहासही वाचनात आला. तो वाचल्यापासून आत्याशी आणि काकांशी वाद घालण्याची माझी पद्धत बदलली आहे.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या ऑपेरात मारी कामार्गो या नर्तिकेने घागरा घोट्याच्या वर घेतला आणि त्यावर गहजब झाला. तिचे कारण साधे होते: हवेत उडी घेऊन पाय झपाझप एकमेकांवरून नेण्याचे तिचे कौशल्य जमिनीला टेकणाऱ्या घेरात कोणाला दिसणारच नव्हते. पुढे १८३२ मध्ये ‘ला सिल्फिद’ या बॅलेत मारी ताल्योनी ही नर्तिका पायाच्या बोटांच्या टोकांवर नाचली, ती घंटेच्या आकाराच्या पांढऱ्याशुभ्र तलम झग्यात. आज हा झगा बॅलेचे सनातन रूप मानला जातो. प्रत्यक्षात आवळलेली कंबर आणि फुललेला घेर ही त्या दशकातल्या पॅरिसच्या बायकांची रोजची फॅशन होती. ताल्योनीच्या पायातले साटिनचे, फितींनी बांधायचे सपाट जोडेसुद्धा त्या काळच्या सभ्य स्त्रिया मेजवानीला घालत तसेच होते. रस्त्यावरची फॅशन पुढे निघून गेली आणि रंगमंचाने मात्र ते जोडे जपून ठेवले. शंभर वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चामड्याच्या पादत्राणांवर रेशनिंग आले, पण नृत्याच्या जोड्यांना ते लागू नव्हते. तेव्हा क्लेअर मॅककार्डेल या वेशरचनाकर्तीने कपेझिओ या नृत्याचे जोडे बनवणाऱ्या कंपनीकडून बाहेर घालता येतील असे सपाट जोडे करून घेतले. दादरच्या पदपथावर ‘बॅलरिना’ म्हणून मिळणारी चप्पल त्याच वंशातली आहे. रस्त्यावरून रंगमंचावर आणि पुन्हा रस्त्यावर, असा हा प्रवास असताना यातले शुद्ध काय आणि उसने काय, हे ठरवायचे तरी कुठून?

शालीनतेचा प्रश्न फक्त स्त्रियांपुरता नव्हता, हेही मला विशेष वाटते. १९११ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात निजिन्स्की हा नर्तक ‘जिझेल’ या बॅलेत तंग विजारीवर रूढ असलेली आखूड चड्डी न घालताच नाचला, राजघराण्यातील प्रेक्षकांसमोर हा प्रकार असभ्य ठरला आणि त्याला नोकरीतून काढून टाकण्यात आले. तो पूर्ण वेळ द्यागिलेव या रशियन निर्मात्याच्या बॅले संचात आला. याच संचासाठी लिऑन बाक्स्ट या वेशभूषाकाराने ‘शेहेराजाद’मध्ये वापरलेले भडक निळे, केशरी आणि हिरवे रंग तोवर पॅरिसच्या दुकानांत आणि दिवाणखान्यांत पोहोचले होते. पुढे १९२४ मध्ये ‘ल त्रॅं ब्ल्यू’ या बॅलेसाठी कोको शनेलने नर्तकांना विणलेल्या जर्सी कापडाचे पोहण्याचे आणि खेळाचे कपडे दिले, म्हणजे रंगमंचावर सरळ तिच्या दुकानातलीच फॅशन आली.

हे सगळे घरी सांगितले की काका म्हणतात, ‘तिकडचे लोक मोकळेच!’ हे मात्र मला मान्य नाही. मुलगी बोटांच्या टोकांवर नाचू लागली, तेव्हा वर्गाच्या यादीत ‘त्वचेच्या रंगाचे’ जोडे आणि टाइट्स असे लिहिले होते, आणि तो रंग गुलाबी होता. पायाची रेष बोटांपर्यंत अखंड दिसावी म्हणून ही सोय; पण ती रेष फक्त गोऱ्या पायांची. त्यामुळे कार्यक्रमाच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी स्पंजने तिच्या जोड्यांना तपकिरी फाउंडेशन थापत असे. आधी साटिन, मग फिती, मग इलॅस्टिक. वाळल्यावर कडेला पांढुरके डाग उमटत आणि सगळे पुन्हा करावे लागे. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या डान्स थिएटर या कृष्णवर्णीय नर्तकांच्या बॅले संस्थेने १९७०च्या दशकातच टाइट्स नर्तकांच्या वर्णाप्रमाणे रंगवून घेतले होते, तरी लंडनमध्ये ‘बॅले ब्लॅक’ या संस्थेच्या साहाय्याने बॅलेचे जोडे बनवणाऱ्या फ्रीड कंपनीचे तपकिरी जोडे बाजारात आले ते २०१८ मध्ये. मोकळेपणाचा हा वेग पाहिला की आपल्याकडच्या वादांची मला फारशी लाज वाटत नाही.

आत्याचा आक्षेप यापेक्षा अवघड आहे. भरतनाट्यमचा जो शिवलेला, पुढे निऱ्यांचा पंखा असलेला पोशाख आज आपण प्राचीन म्हणून मिरवतो, तो १९३०च्या दशकात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्यामुळे रूढ झाला. रुक्मिणीदेवी त्याआधी आना पाव्हलोव्हा या रशियन बॅले नर्तिकेच्या संचातल्या नर्तिकेकडे बॅले शिकल्या होत्या, आणि स्वतःच्या देशाच्या नृत्याकडे वळण्याचा सल्ला त्यांना पाव्हलोव्हानेच दिला होता. तेव्हा ‘शिवले म्हणजे बाटले’ हा न्याय लावायचा तर फक्त आमच्या मुलींना लावून चालणार नाही.

इतके बोलून मी जिंकायला हवे होते. पण पोशाखांच्या कपाटासमोर उभी राहिले की मला आत्याचे म्हणणे पटू लागते. टुटू म्हणजे जाळीच्या थरांचा बॅलेचा पोशाख; तो उलटा टांगून ठेवतात, नाहीतर जाळीचे थर खाली झुकतात. त्याच्या चोळीला मागे हुकांसाठी दोन-तीन ओळी असतात, कारण एकच चोळी वर्षानुवर्षे वेगवेगळ्या अंगांना बसवावी लागते. आत शिवलेल्या पट्टीवर आधी घालून गेलेल्या मुलींची नावे शाईने लिहिलेली असतात. शिवलेल्या कपड्याला माणसाच्या मापाची अशी मनधरणी करावी लागते. नऊवार लुगड्याला हूक लागत नाहीत. बारीक, जाड, उंच, ठेंगणी कोणीही असो, निऱ्या कमी-जास्त केल्या आणि काष्टा खेचून मागे खोचला की पाय मोकळे आणि पदर घट्ट. नाचण्याचा कपडा म्हणून इतकी हुशार रचना पॅरिसच्या शिंप्यांनाही साधली नव्हती, आणि ती आपण चेन लावून एका मापाची करून टाकली.

तरी मुलींना मी दोष देणार नाही. ग्रीनरूममध्ये बारा जणी, पुढच्या नाचाला सहा मिनिटे, अशा वेळी चेन हाच उपाय उरतो, कारण आमच्या मंडळात नऊवारी नेसवता येणाऱ्या दोघीच आहेत. त्यातल्या एका काकूंचे गुडघे दुखतात. दुसरी मी, आणि माझा काष्टा दुसऱ्या कडव्यातच सुटतो.