"पाणी घालून द्या" एवढ्यावर भागत नाही

तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे, 14 वर्षं काउंटरवर उभी आहे. गेल्या पावसाळ्यात एक आजी तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिकची बाटली परत घेऊन आल्या. "बाई, औषध निघंना झालंय." बघते तर तळाशी पावडरीचा दगड! आजी दर वेळी थोडी पावडर चमच्यात झटकायच्या, पाणी कालवायच्या आणि नातवाला पाजायच्या. विचारलं तर म्हणाल्या, "तूच म्हणालीस ना, पाणी घालून दे."

म्हणालेच होते मी. दुकानात गर्दी होती म्हणून तेवढंच म्हणाले होते. पोराला जुलाब लागलेले, त्याच पावली डॉक्टरांकडे धाडलं. पोर बरं झालं, पण चूक आजींची नव्हती, माझी होती.

हे औषध पावडरीत येतं कारण पाणी लागलं की त्याची ताकद उतरायला लागते. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक या अँटिबायोटिकची तर फारच लवकर. म्हणून पाणी एकदाच घालायचं, अख्ख्या बाटलीत. आधी बाटली हातावर आपटून पावडर मोकळी करा. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी घ्या (काही खोक्यांत पाण्याची कुपी असते, ती वापरा). बाटलीवरच्या खुणेच्या थोडं खालीपर्यंत घालून झाकण लावा आणि जोरात हलवा. पातळी खाली जाते, वर फेस येतो. फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत पुन्हा पाणी, पुन्हा हलवा. बहुतेक घरांत हे दुसरं पाणी राहूनच जातं. औषध घट्ट होतं आणि बाळाच्या पोटात दर वेळी जास्त डोस जातो.

त्यानंतरही प्रत्येक डोसआधी बाटली हलवायचीच. नाहीतर वरचं पाणचट आधी जातं आणि साका शेवटच्या दोन डोसांत. माप खोक्यातल्या झाकणाचं किंवा बिनसुईच्या सिरिंजचं. घरातला चमचा नको, प्रत्येक घरचा वेगळा. आणि शेजारणीच्या बाटलीवरून माप ठरवू नका. एकाच नावात 5 मिलीला 228.5 मिग्रॅही असतं आणि 457 मिग्रॅही.

हिशेबाचं एक सांगते. बाटली 30 मिलीची, डोस 5 मिली दोनदा, म्हणजे तिसऱ्या दिवशी संपली. डॉक्टरांनी पाच दिवस लिहिलेले असतात, पण बाटली संपली की कोर्स संपला असं घरच्यांना वाटतं, ताप उतरलेला असतो म्हणून कुणी फिरकत नाही. दुसरी बाटली न्यायचीच, पण पाणी चौथ्या दिवशी घालायचं, दोन्हीत एकदम नाही. उरलेलं पुढच्या तापाला म्हणून ठेवू नका. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक फ्रीजमध्येही सातच दिवस टिकतं, आणि फ्रीज म्हणजे फ्रीझर नव्हे. अंगावर पुरळ, तोंडाला सूज किंवा धाप दिसली तर पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टर गाठा.

राग येतो तो छपाईचा. बाटलीवरची खूण म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाही आणि खोक्यातला कागद इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. मराठीत चार ओळी छापायला काय जातं कंपन्यांचं?

मी आता पहिल्या बाटलीत पाणी काउंटरवरच घालून घेते, घरच्या माणसाच्या हातून. झाकणावर तारीख लिहून देते. तुमच्या मेडिकलवाल्यालाही हक्काने सांगा, करून दाखवा म्हणून. आणि घरी फ्रीज नसेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, लाजू नका. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्याही मिळतात, बाळाला त्या चालतील का ते डॉक्टर ठरवतील.