हे ४०० मिलिग्रॅम मुलांसाठी नाहीत

‘एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) असलेल्या मुलाला रोज रात्री ४०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम द्या’ हे तुमच्या लेखातलं वाक्य कृपया बदला. ४ ते ८ वर्षांच्या मुलासाठी गोळ्या-पावडरमधून दिवसाला ११० मिलिग्रॅम ही अमेरिकेत ठरवलेली वरची मर्यादा आहे. त्यापुढे जुलाब, पोटात मुरडा. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम रक्तात साठतं, आणि तो खरा धोका. लेबलवरचा आकडा निव्वळ मॅग्नेशियमचा की संयुगाचा, हेही बघा. मॅग्नेशियम ग्लायसिनेट या संयुगात निव्वळ मॅग्नेशियम साधारण १४ टक्केच असतं.

कमतरता नसलेल्या मुलाचं लक्ष या गोळीने टिकतं, याला भक्कम पुरावा नाही. आपल्याकडच्या ३० ग्रॅम काजूंतूनच ८० मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. आधी निदान तरी नीट होऊ द्या: लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली, घरी आणि शाळेत दोन्हीकडे, किमान ६ महिने. गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, तिथे मुलाला न्यायला लाजू नका.